उलट बाजूच्या गाठी

"तिला काही सांगू नका. बोलत नाही, पण सगळं बघते."

स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला आणि पुढचं एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीत बुडालं. त्या फोनवर होत्या. मी बाहेर जेवणाच्या टेबलाशी सुई घेऊन बसले होते. माझ्यासोबत शिकणाऱ्या दोन मुली, दोघी अकरावीतल्या, एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून इंग्रजीत कुजबुजत होत्या. म्हणजे 'ती' त्यांच्यातली कोणी नव्हती. त्या दोघी बोलायच्या थांबतच नसत. न बोलणारी मी.

बाई बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढे हात केला.

"दाखव."

मी कापड दिलं. त्यांनी ते सरळ बाजूनं पाहिलंच नाही. उलटं केलं, उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर ढकलला.

"गाठ मारलीस?"

"नाही."

"हे काय मग?"

"दोरा गुंतलाय."

त्यांनी सुईच्या टोकानं तो गुंता सोडवला. कापडामागे गाठ ठेवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. दोरा सुरू करताना शेपूट सोडायचं आणि नंतर ते टाक्यांच्या खालून ओवून घ्यायचं, संपतानाही तसंच. गाठ असली की इस्त्री फिरवल्यावर पुढून टेंगूळ दिसतं. कोणी गाठ मारलेली सापडली तर त्या काही न बोलता ओळ उसवायच्या आणि कापड परत हातात द्यायच्या.

"आता बरं आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी ते लक्षात ठेवलं. मला काय सांगायचं नव्हतं आणि ते कोणाला बजावलं जात होतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. पण विसरायचीही सवय नव्हती.

बाई म्हणजे कोकणातल्या एका मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवलेल्या बाई. निवृत्तीनंतर मुला-सुनेकडे आल्या होत्या. मस्कतच्या माबेला भागात, आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. मी इंग्रजी शाळेत वाढलेली. माझ्या कानाला बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. पहिले काही शुक्रवार मी त्यांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही. समोर जाऊन उभी राहायचे, त्या वर बघेपर्यंत.

मी त्यांच्याकडे का जाऊ लागले, हे मी कोणाला धड सांगितलं नव्हतं. आईला वाटलं, शुक्रवारच्या सुट्टीला खोलीतून बाहेर पडते आहे, तेवढंच पुरे. कारण असं होतं की माझ्या नावावरची कुठलीही हातची वस्तू माझ्या हातची नव्हती. मस्कतच्या आमच्या शाळेत प्रोजेक्ट मुलांना मिळायचे आणि आया ते करायच्या. सगळ्यांच्याच आया. थर्माकोलचा किल्ला, आइसक्रीमच्या काड्यांचं घर, बाटल्यांचा दिवा. शाळेच्या गेटवर आया एकमेकींच्या वस्तू डोळ्यांच्या कोपऱ्यातून जोखायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "किती सुंदर केलंय हो तुमच्या मुलीनं." मला फेविकॉलचं झाकण उघडायला दिलं जायचं. त्या दिव्याला पहिलं बक्षीस मिळालं. ते सर्टिफिकेट आईनं माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय. नोकरीच्या मुलाखतीला जातानासुद्धा ते काढलं नव्हतं.

म्हणून मला एक तरी वस्तू हवी होती, वाकडी का होईना, जिला आईचा हात लागलेला नाही. ते हे कापड.

बाई त्याला 'नमुना' म्हणायच्या. मांजरपाटाची हातभर लांब पट्टी. वरून खाली एकेक ओळ, ज्या क्रमानं शिकायचं त्या क्रमानं: धावदोरा, उलटी टीप, देठाचा टाका, काजाचा टाका, साखळी, गाठीचा टाका, माशाच्या काट्यासारखा दिसणारा टाका. सगळ्यात खाली फुलीच्या टाक्यानं स्वतःचं नाव. पूर्वी प्रत्येक मुलीचा असा नमुना असायचा. तोच तिची वही आणि तोच तिचा पेपर.

आमच्या घरी असा एक होता. आईचा. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी फ्रेम करून लावलेला. खालच्या भागात एक पोपट होता आणि त्याच्या खाली आईचं माहेरचं नाव. घरी कोणीही आलं की चहा ठेवायच्या आधी त्यांची नजर तिकडे जायची, आणि नाही गेली तर आई पंख्याचं बटण दाबायच्या निमित्तानं त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. "सातवीतला आहे," ती म्हणायची. आईकडून शिकायचं मी सुचवलंही नव्हतं. तिनं एकदा करून दाखवलं असतं, मग जरा सरळ करून दिलं असतं, मग उरलेलं संपवून टाकलं असतं.

बाईंचा दुसरा नियम होता, की कापड त्यांच्याकडेच राहणार. सुरुवातीला मला तो आवडला होता. कापड घरी गेलं नाही की आईच्या हाती लागणार नाही.

मग एका शुक्रवारी मी माझी साखळीची ओळ बघितली आणि मला ती ओळखू आली नाही.

आदल्या आठवड्यात ती मीच केली होती. माझ्या साखळीतली कडी एक जाड, एक बारीक, एक तोंड वासून बसलेली, अशी होती. आता सगळ्या कड्या गव्हाच्या दाण्यांसारख्या एका मापाच्या होत्या. रंग तोच, निळा. लांबी तीच. मी अंगठ्यानं चाचपून पाहिलं. जुन्या भोकांच्या पुसट खुणा धाग्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. कोणीतरी उसवून पुन्हा भरलं होतं.

"काय गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"हात बसतोय तुझा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी विचार करत बसले. बाईंनी केलं असणार; दुसरं कोण? पुढच्या महिन्यात मराठी मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि त्यात 'बाईंच्या विद्यार्थिनी' अशी एक भिंत असणार होती. विद्यार्थिनी वाकड्या निघाल्या तर नाव बाईंचं जाणार. हिशोब सरळ होता. फक्त, उसवणाऱ्या बाई मला माहीत होत्या. पुन्हा भरून देणाऱ्या बाई त्यात बसत नव्हत्या.

म्हणून मी सापळा लावला. साखळीच्याच पुढच्या ओळीत मी मुद्दाम एक कडी सोडली. मधोमध, दाताची फट असावी तशी. बाईंनी उलट बाजू तपासली, मान हलवली, कापड कपाटात ठेवलं. पुढच्या शुक्रवारी फट भरलेली होती. शेजारच्या कड्याही नव्या होत्या.

त्याच दिवशी बाईंनी त्यांचं बोचकं उघडलं. जुन्या साडीत बांधून त्यांनी ते सामानातून इथवर आणलं होतं. आत त्यांच्या शाळेतल्या मुलींचे नमुने होते. मुली शाळा सोडून गेल्या आणि ज्यांचे न्यायचे राहिले ते. काही इतके पिवळे पडले होते की घडीवर चिरले होते. एकावर फुलीच्या टाक्यात सगळी मुळाक्षरं भरलेली होती. तो बाईंना त्यांच्या बाईंनी दिलेला, या सगळ्यांहून जुना.

"आम्हाला तर आधी कागदावर शिकवायच्या," त्या म्हणाल्या. "दोरा नाहीच. नुसत्या सुईनं सरळ रेषेत भोकं पाडायची. ती सरळ आली की मग दोरा. दोरा मिळाला त्या दिवशी आम्हाला साडी मिळाल्यासारखं वाटायचं."

"बिचाऱ्या," अकरावीतली एक म्हणाली.

"बिचाऱ्या कसल्या. घरी भाकऱ्या थापण्यापेक्षा हे बरं होतं." त्यांनी एकेक कापड उलटं करून टेबलावर टाकायला सुरुवात केली. "पुढून सगळ्या सारख्याच. मागून बघा. ही डावखुरी होती. हिला घाई, डबा खायची घाई. हिला बोट टोचलं की रडायची, हा बघा डाग. आणि ही आई."

"कोणाची आई?"

"मुलीची. मुलगी वर्गात बसून हे असलं करायची." त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हे असलं आणायची."

दोघी हसल्या. "मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? मार्क आईला द्यायचे." मग जरा थांबून म्हणाल्या, "तेव्हा याचं दुसरंही काम असायचं ना. मुलगी बघायला लोक आले की हे कापड बाहेर यायचं. ट्रेवर घालायचं, नाहीतर भिंतीला लावायचं. 'मुलीनंच केलंय' म्हणायचं. शहाण्या सासवा हळूच उलटं करून बघायच्या."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मात्र त्यांच्याकडेच बघत होते. ज्या बाईला इतके हात ओळखता येतात, तिला दुसऱ्याच्या हातासारखं भरताही येत असेल, असं मला वाटत होतं. आणि 'मुलगी बघायला' हे शब्द कानात अडकले, कारण घरी त्या आठवड्यात आई फोनवर बोलता बोलता मी आले की विषय बदलत होती. बदलण्याआधीचा शेवटचा शब्द मी दोनदा ऐकला होता. दुक्म.

दुक्ममध्ये आमचं कोणी नाही. दुक्म म्हणजे रिफायनरी, बंदर आणि कंत्राटावर राहणारे पुरुष. तिथल्या माणसाबद्दल आईला बोलायचं असेल तर त्याला एकच अर्थ होता.

मी बाईंना म्हटलं, कापड घरी घेऊन जाऊ का, आठवड्यात थोडा सराव करेन.

"नको," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की माझी शंका पक्की झाली.

त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी कापड उलटं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला.

फोटो मी ऑफिसात बघितला. माबेलातून ऑफिसच्या 'घाला' भागापर्यंत रोज सकाळी गाडीत इतका वेळ जातो, की तिथे पोचेपर्यंत माझा दिवस अर्धा संपलेला असतो. पण जेवणाची सुट्टी माझी असते. शेजारच्या टेबलावर बसणारी ओमानी मैत्रीण त्या सुट्टीत भावासाठी कुम्मा भरायची. कुम्मा म्हणजे इथले पुरुष घालतात ती भरतकामाची गोल टोपी. तिच्यातली भोकंसुद्धा हातानं, एकेक, दोऱ्यानं वेढून करतात. ती मान खाली घालून भोकं करायची, मी डबा खायचे, आणि आम्हा दोघींना न बोलता बसायला आवडायचं.

मी फोटो मोठा केला. वरच्या ओळी माझ्या होत्या: मागूनही वेड्यावाकड्या, पण दोऱ्याची टोकं टाक्यांखाली नीट ओवलेली. साखळीच्या ओळींच्या टोकांना मात्र गाठी होत्या. मारून लपवलेल्या नव्हेत, उघड्या. दोरा सुईला गुंडाळून ओढलेली टपोरी गाठ, आणि तिच्यापुढे तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट.

बाई गाठ मारत नाहीत. बाईंनी माझी एकही गाठ कधी राहू दिली नव्हती.

"काय झालं, हबीब्ती?" मैत्रिणीनं विचारलं. आम्ही इंग्रजीत बोलतो, लाडाची हाक तेवढी तिची अरबीत. मी तिला फोटो दाखवला आणि म्हटलं, हे माझं काम आहे, पण हा भाग माझा नाही.

तिनं निरखून बघितलं. "माझ्या भावाची पहिली कुम्मा अर्धी मी केली, अर्धी माझ्या बहिणीनं," ती म्हणाली. "आम्ही त्याला सांगितलं नाही. पण तो माझी बाजू मागे ठेवूनच घालतो."

मी हसले. हसताना शर्टाची बाही मागे सारली, आणि माझं लक्ष कफाच्या बटणाकडे गेलं. ते बटण गेल्या महिन्यात तुटलं होतं. मी कफ उलटा केला. टपोरी गाठ. तांदळाएवढं शेपूट.

ती गाठ मी लहानपणापासून बघत आले होते. युनिफॉर्मच्या शर्टात, पिनाफोरच्या हुकाजवळ, स्नेहसंमेलनाच्या घागऱ्याच्या नाडीला. आई बटण लावून झालं की दोरा सुईला गुंडाळते, ओढते, दातानं तोडते. ती टोक थोडं ठेवते, म्हणजे सुटणार नाही. मला कधी वाटलंच नव्हतं की ते कोणाचं अक्षर असू शकतं.

म्हणजे त्या दिवशी बाईंच्या फोनच्या पलीकडे आई होती. मी ऑफिसात असताना ती एक मजला उतरून खाली जात होती.

त्या रात्री जेवताना आईनं विचारलं, "बाईंकडे कुठवर आलं?" मी म्हटलं, "चाललंय." तिनं माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली. मी तिच्या हातांकडे बघत होते. उजव्या तर्जनीच्या टोकाला बारीक काळे ठिपके होते, सुईचे. तिनं हात पदराखाली घेतला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

शनिवारी आई-बाबा भाजी आणायला गेले आणि मी भिंतीवरची फ्रेम खाली काढली. आता माझा संशय फक्त माझ्या कापडापुरता राहिला नव्हता. मागचा तपकिरी कागद एका कडेनं आधीच सुटला होता. मी तो नखानं हळूहळू उचकटला, पुठ्ठा बाजूला सारला आणि कापडाची उलट बाजू पाहिली.

वरच्या ओळींना गाठी होत्या, त्याच, तांदळाएवढ्या शेपटांच्या. खालच्या ओळींना एकही नव्हती. पोपटाला नव्हती. आईच्या नावालाही नव्हती. तिथे दोऱ्याची टोकं इतकी सफाईनं ओवली होती की कुठे सुरू झालं ते सापडेना.

दाराच्या कुलपात किल्ली फिरली. आई पाकीट विसरली होती. ती आत आली, माझ्या मांडीवर उलटी पडलेली फ्रेम तिनं बघितली आणि पिशवी हातात तशीच ठेवून सोफ्याच्या कडेवर बसली.

"काय शोधतेयस?"

मी गाठी नसलेल्या ओळींवर बोट ठेवलं.

"खालचं माझ्या आत्यानं केलं," ती म्हणाली. "मला ती साखळी जमायचीच नाही. आत्या म्हणाली, दे इकडे, कोण बघतंय मागून." तिनं पिशवी खाली ठेवली. "तुझ्या आजीनं बघितलं. मला बघायला आले होते तेव्हा. माझ्या वडिलांनी सांगितलं, मुलीनंच केलंय. तुझ्या आजीनं उलटं केलं, परत सुलटं केलं, चहा घेतला. काही बोलली नाही."

"मग?"

"मग काय. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर उशीचे अभ्रे ठेवले. म्हणाली, साखळीचा टाका तुला छान येतो ना, याच्यावर घाल." आई हसली, पण जेमतेम. "शेजारच्या वहिनींकडे दुपारी लपून जाऊन शिकले. हाताची चाळण झाली. पण आली हो. आता डोळे मिटून घालीन."

मला विचारायचं होतं की मग तू माझं का उसवलंस. तू ज्यातून गेलीस तिथेच मला का नेऊन बसवतेस. ते शब्द मराठीत जुळवायला मला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आई नेहमीच पुढे बोलून जाते.

"त्यांचं कुटुंब चांगलं आहे," ती म्हणाली. "मुलगा दुक्मला साइटवर आहे, पण आई-वडील इथेच, सीबला असतात. प्रदर्शनाला मुलाची आई येणार आहे. नुसतं भेटायला गं. मी जरा सरळ केलं, बाकी काही नाही. तुझंच आहे ते."

खाली बाबांनी हॉर्न वाजवला. तिनं टेबलावरचं पाकीट घेतलं. जाताना दारातून म्हणाली, "ते परत नीट लाव."

मी पुठ्ठा लावला, कागद चिकटवला, फ्रेम टांगली. ती थोडी तिरकी लागली. मी सरळ केली नाही.

पुढचे दोन शुक्रवार मी बाईंकडे गेले आणि उरलेल्या ओळी भरल्या. त्या आठवड्यांत साखळीच्या ओळींना कोणी हात लावला नाही. बहुतेक काम झालं होतं. बाई नेहमीसारख्या उलट बाजू तपासत. त्यांची नजर त्या गाठींवरून जायची आणि थांबायची नाही. मी वाट बघत होते की त्या उसवतील. किंवा मला काही विचारतील. मीही विचारलं नाही. शेवटी त्या फक्त म्हणाल्या, "नाव घालायचं राहिलंय. ते तू घाल." 'तू'वर जोर होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

प्रदर्शन एका हॉलमध्ये होतं. एसी इतका थंड होता की बायका शाली घेऊन बसल्या होत्या. एका टेबलावर वड्या आणि ढोकळा, दुसऱ्यावर चहाचे थर्मास. 'बाईंच्या विद्यार्थिनी' या भिंतीवर आमची तीन कापडं टाचण्यांनी लावली होती आणि प्रत्येकाखाली नावाचं कार्ड होतं. माझ्या कार्डावर माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. कापड इस्त्री केलेलं होतं. साखळीच्या ओळींच्या टोकांना, अगदी बारीक, टेंगळं दिसत होती. माहीत असलेल्यालाच दिसतील अशी.

सीबच्या काकू आल्या. उंच, मोकळ्या, गोड बोलणाऱ्या. त्यांच्याबद्दल मला राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं आणि त्यामुळेच मी अधिक सावध झाले. त्यांनी मला ऑफिसबद्दल विचारलं, घालाच्या ट्रॅफिकबद्दल विचारलं, मी एकेका शब्दात उत्तरं दिली. मग त्या भिंतीकडे वळल्या आणि माझ्या कापडापाशी थांबल्या.

"अय्या, हे किती नाजूक आहे." त्यांचं बोट साखळीवरून फिरलं. "हे सगळं तूच केलंस?"

"हो, तिनंच," आई म्हणाली. "शांत आहे ना ती. एका जागी बसून तासन् तास करते."

"आजकाल कोण करतं हो. आमच्याकडे सगळं ऑनलाइन." काकूंनी कापडाची खालची कड चिमटीत धरली. टाचण्यांनी ते वर लावलेलं होतं, कड मोकळी होती. त्यांनी ती उचलली नाही, नुसती धरली. आईचा चेहरा मी बघितला. ती त्या बोटांकडे बघत होती, आणि मला कळलं की ती आत्ता या हॉलमध्ये नाही. ती कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत, चहाच्या ट्रेपाशी उभी आहे, आणि कोणीतरी तिचं कापड उलटं करतंय.

बाई थर्मासच्या टेबलाशी होत्या. त्या आमच्याकडे बघत होत्या. पेला हातात, ओठांपर्यंत न नेलेला. बोलत नाही, पण सगळं बघते. त्या गाठी त्यांनी उसवल्या नव्हत्या. इतरांची एकही न ठेवणाऱ्या बाईंनी त्या जागच्या जागी राहू दिल्या होत्या, मला सापडतील अशा.

काकूंनी कड सोडली आणि माझ्याकडे हसून बघितलं. उत्तर आईनं दिलंच होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आयुष्यभर मी तेच केलं होतं. मी खालची, टाचण्या नसलेली कड धरली, कापड वर उचलून उलटं केलं आणि त्यांना दाखवलं. माझा आवाज एसीच्या आवाजात बुडेल असं मला वाटलं. तो बुडाला नाही.

"वरच्या वाकड्या ओळी माझ्या आहेत, काकू. ही साखळी आईनं भरलीय. कार्डावर तिचं नाव लिहायचं राहून गेलंय."